चार्जिंगच्या खोलीतला नंदादीप

बनारसला गेलं की हल्ली मैदागिनपासून मच्छोदरीपर्यंत ई-रिक्षांची रांगच रांग दिसते. धूर नाही, इंजिनाचा आवाज नाही, नुसता हॉर्नचा चिवचिवाट. माझ्याबरोबर आलेली पुण्याची मंडळी कौतुकानं म्हणतात, बघा, इथंसुद्धा किती सुधारणा झाली. मी मान हलवते आणि ओढणी नाकाला लावते. बॅटरी चार्ज होताना एक वास येतो, घसा खरवडणारा, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. तो वास मला भर रस्त्यात येतो, इतर कुणाला येत नसला तरी. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस त्याच रस्त्यावर आमची एक खोली होती. त्या खोलीनं आमच्या घरातलं एक माणूस धरून ठेवलं, आणि ते कसं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही मंगलागौरीच्या गल्लीत राहत होतो. आई, बाबा, दादा आणि मी. आजोबा वेदपाठी होते; बाबांनी तो मार्ग सोडून रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केली आणि मुदतीआधीच सेवानिवृत्ती घेतली. तरी मोहल्ल्यातले लोक त्यांना 'पंडितजी'च म्हणत. मराठी माणूस म्हटला की बनारसला तो पंडितच असतो, मग तो आयुष्यभर सिमेंटच्या पोत्यांच्या पावत्या का फाडेना.

बाबांची मच्छोदरीच्या रस्त्याला लागून थोडी जागा होती. आजोबांना कुणा यजमानानं गाय ठेवायला दिलेली. गाय गेली, गोठ्याचं छप्पर गेलं, उरलं ते गवत माजलेलं आवार आणि मागच्या अंगाला दुसऱ्या कुणाची तरी उंच भिंत. आमच्या गल्लीत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे. त्यामुळे गाडी थेट दाराशी येईल अशी जागा म्हणजे काय चीज आहे, हे बाबांना एकाएकी कळलं ते एका कंपनीच्या माणसामुळे.

कंपनी बॅटरीवर चालणारे टेम्पो आणणार होती. गंगेकाठचं शहर धुरापासून वाचवायचं वगैरे. टेम्पो कंपनीचे, चालवणारे इथले, आणि चार्जिंगची ठिकाणं मात्र जागामालकांनी स्वतः उभारायची. खोली बांधायची, तीन फेजचं कनेक्शन घ्यायचं, मोठं चार्जर बसवायचं. सफारी घातलेले ते साहेब आमच्या आवारात आले, पावलांनी लांबी-रुंदी मोजली आणि "पंडितजी, लोकेशन तो सोना है" असं तीनदा म्हणाले. बाबांना तिसऱ्यांदा म्हणायची गरजच नव्हती. निवृत्तीचं जे काही हातात आलं होतं, ते सगळं त्यांनी त्या सोन्यात ओतलं.

ज्या शहरात घरचा पंखा सलग दोन तास फिरला तर आम्ही नशीब समजायचो, त्या शहरात बाबा बिजलीवर टेम्पो पळवायला निघाले होते. मी हे बोलून दाखवलं. बाबांनी डोळे वटारले. "तू अकरावीची परीक्षा दे. गुंतवणुकीचं मी बघतो."

खरं कारण वेगळंच होतं. दादानं पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता आणि पुण्याच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी मित्रानं शब्द टाकला होता. आमच्या ओळखीतली मराठी घरं एकेक करून पुण्याला, नागपूरला, इंदूरला निघाली होती. रामघाटाकडच्या गणपतीत आरतीला पूर्वी उभं राहायला जागा नसे. आता झांजा वाजवायला माणूस शोधावा लागे. दादा गेला तर आपण दोघंच उरणार, ही धास्ती आईबाबांनी घेतली होती. चार्जिंगची खोली ही दादाच्या पायातली बेडी होती, फक्त तिला धंदा म्हणायचं ठरलं होतं.

आणि माझं काय? मलाही जायचं होतं. पुण्याच्या एका कॉलेजचा फॉर्म मी मागवून भूगोलाच्या वहीत लपवून ठेवला होता. दोघांनाही जाता येणार नाही, हे कुणी बोललं नव्हतं, पण घरातल्या भांड्याकुंड्यांनाही ते ठाऊक होतं. दादा राहिला तर मी सुटणार होते. म्हणून दादानं राहावं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण आता खोटं कशाला सांगू.

खोली उभी राहिली तेव्हा बाबांनी एक मिस्त्री ठेवला. साठीच्या पुढचा, गाजीपूरकडचा माणूस. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, लग्नातल्या लाउडस्पीकरच्या बॅटऱ्या चार्ज करण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याची डावी भुवई नव्हती. तिथं नुसती तुकतुकीत कातडी होती, आणि बोलताना तो तिच्यावरून अंगठा फिरवायचा. पहिल्या दिवशी तो खोलीत शिरला, वर बघितलं, आणि बाहेर येऊन बसला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"ई कमरा के साँस चाही, पंडितजी. साँस रोकब त ई मारी."

या खोलीला श्वास हवा. तो अडवलात तर ही मारेल. मग त्यानं दादाला नीट समजावलं आणि मी दाराशी उभी राहून ऐकलं. बॅटरी भरत आली की आतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं. त्यातून गॅस निघतो. त्याला ना रंग ना वास. वास येतो तो अ‍ॅसिडच्या वाफेचा. गॅस हलका, वर जाऊन छताला साठतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. दादानं हे पुस्तकात वाचलेलं होतं, मिस्त्री भुवई गमावून शिकला होता. दोघांनी मिळून बाबांना पटवलं आणि नव्याकोऱ्या मागच्या भिंतीत, छताच्या अगदी खाली, दोन झरोके फोडून घेतले. मिस्त्रीनं त्यांना बारीक जाळी लावली. दाराजवळ पाण्याचा एक पिंप ठेवला. डोळ्यात अ‍ॅसिड उडालं तर आधी पाणी, मग देव, असं तो म्हणायचा. स्वतः बिडी ओढायला तो आवाराच्या फाटकाबाहेर जाऊन बसायचा.

टेम्पो आले. साहेबांनी सांगितले होते त्याच्या पाव हिश्शानं. दोन बाजूंच्या लाकडी फळ्यांवर बॅटऱ्यांची रांग लागायची, प्रत्येकीची बुचं काढलेली, आणि मधोमध ते करडं चार्जर गुरगुरत असायचं. काही महिन्यांतच त्या खोलीनं एकेक वस्तू खायला सुरुवात केली. दाराच्या बिजागऱ्या हिरव्या पडल्या. कॅलेंडरचा खिळा गंजून तुटला आणि लक्ष्मीचं चित्र तोंडावर पडलं. दादाच्या पँटी गुडघ्यापाशी चाळणीसारख्या झाल्या. आवारात पूर्वी कबुतरांचा नुसता उच्छाद असायचा. त्यांनी झरोक्यात बसायचंच सोडून दिलं. आई म्हणायची, बरं झालं, घाण कमी झाली. मला काही ते बरं वाटत नव्हतं.

मग साहेब यायचे बंद झाले. एखादा टेम्पो बिघडला तर सुटा भाग येईना. बाबा रोज सकाळी आंघोळ करून, गंध लावून आवारात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडे बघत. त्यांच्यासमोर कुणी कंपनीचं नाव काढत नसे.

पितृपक्षात एका सकाळी चहाच्या वेळी दादानं सांगून टाकलं, "बाबा, मी दसऱ्याला निघतो. तिकीट काढलंय."

बाबांनी कप खाली ठेवला. "आणि खोली?"

"मिस्त्री आहे. दसऱ्यापर्यंत मी सगळं त्याच्या हवाली करतो. तुम्हाला ठाऊक आहे बाबा, ते साहेब आता येत नाहीत."

"सीमोल्लंघनाचा मुहूर्त बरा शोधलास," एवढंच बाबा म्हणाले आणि उठून गेले. आई काहीच बोलली नाही. ती बोलली नाही म्हणूनच मी घाबरले. आमची आई दूध उतू गेलं तरी तासभर बोलणारी.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती मला मंगलागौरीला घेऊन गेली. दर्शन झाल्यावर पायऱ्यांवर बसली आणि हळूच म्हणाली, "मी देवीला मन्नत बोललेय. चार्जिंगच्या खोलीत नंदादीप ठेवणार. नऊ दिवस अखंड. दसऱ्यापर्यंत दिवा विझला नाही तर माझा मुलगा मला सोडून कुठं जाणार नाही."

"घरी घटाजवळ असतोच की दिवा."

"घरच्या दिव्यानं थांबला असता तर पहिलेच थांबला असता. त्याला बांधणारी जागा ती आहे. दिवा तिथंच पाहिजे. तू कुणाला बोलू नकोस."

बाबांना आणि दादाला तिनं सांगितलं की धंद्यातली लक्ष्मी रुसली आहे, म्हणून दिवा. नेमका मिस्त्री त्याच सकाळी नवरात्रासाठी गावी गेला होता. जाताना मला म्हणाला होता, "बिटिया, भइया के कहिह, झरोखा देखत रहें." मी तो निरोप दादाला दिला. तेवढं तरी मी केलं.

दिवा ठेवायला आईनं जागा निवडली तीही तिच्या शास्त्राप्रमाणे. खाली टेम्पोवाले चपला घालून वावरतात, अ‍ॅसिडचे शिंतोडे उडतात, सगळं ओवळं. पायाच्या पातळीला नंदादीप कसा ठेवायचा? म्हणून तिनं स्टुलावर चढून सर्वांत उंच कोनाडा गोमूत्रानं पुसून घेतला. छतापासून जेमतेम हातभर खाली.

दादा आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. "आई, गॅस वर जातो. अख्ख्या खोलीत तुला हीच जागा मिळाली?"

"गॅस तर घरी चुलीलापण आहे. रोज पेटवते मी."

"हा तो गॅस नाही गं."

"नऊ दिवस, फक्त नऊ दिवस. नंतर तू जाणारच आहेस ना? मग माझं एवढं करू दे."

ते 'जाणारच आहेस ना' त्याला बरोबर लागलं. बाबांनीही मध्ये तोंड घातलं. "झरोके उघडे आहेत ना? मग राहू दे की. कशाला सणासुदीला वाद." दादानं दोन्ही झरोके पाहून घेतले, दार दिवसभर उघडं ठेवायचं ठरवलं, एका वेळी निम्म्याच बॅटऱ्या लावायच्या असं टेम्पोवाल्यांना सांगितलं. जाणाऱ्याच्या मनात आधीच अपराधी वाटत असतं. नाहीतर तो ऐकणारा नव्हता.

पाच माळा नीट गेल्या. मी आणि आई दिवसातून दोनदा तेल घालायला जायचो. दादाची बॅग भरून खाटेखाली तयार होती. आई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही, पण झाडताना केरसुणी तिला हटकून लागायची.

सहाव्या माळेला दुपारपासून वारा सुटला. आम्ही खोलीत शिरलो तेव्हा झरोक्यांतून वारा सरळ कोनाड्यावर येत होता. ज्योत आडवी पडली होती. वातीच्या टोकाला निळा मणी तेवढा उरला होता. आई स्टुलावर चढली आणि दोन्ही हातांचा आडोसा करून उभी राहिली. ज्योत हळूहळू उभी राहिली तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, "झरोके बंद कर. बाहेरून. दादाला सांगू नकोस."

"आई, मिस्त्री म्हणाला होता..."

"मिस्त्रीचा मुलगा चाललाय का पुण्याला?"

मला माहीत होतं. हे मला नीट लिहायचं आहे. मी अडाणी नव्हते, लहान नव्हते. सतरा वर्षांची होते, विज्ञान शिकत होते आणि मिस्त्रीचं बोलणं दाराशी उभी राहून ऐकलेलं होतं. तरी मी मागच्या बाजूला मिस्त्रीची बांबूची शिडी लावली. एका झरोक्यात पोत्याचा तुकडा कोंबला. दुसऱ्यासाठी काही सापडेना, तेव्हा गळ्यातली शाळेची निळी ओढणी काढली, तिचा गोळा केला आणि जाळीशी घट्ट बसवला. मागची भिंत उंच असल्यानं तिथं उजेड असा नव्हताच. आतून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. शिडीवरून उतरताना माझ्या मनात काय होतं? दादा राहील, मी जाईन. एवढंच.

त्याच संध्याकाळी चौकातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि अख्ख्या मोहल्ल्याची बिजली गेली. चार्जर गप्प झालं. मला केवढं हायसं वाटलं! बिजली नाही म्हणजे गॅस नाही. बिजली यायच्या आत ओढणी काढून टाकू, असं मी ठरवलं. बनारसची बिजली, ती काय उद्या येणार होती थोडीच.

सप्तमीला दादाला काही कामच नव्हतं. तो मला अहिल्याबाई घाटावर घेऊन गेला. आम्ही पायऱ्यांवर बसून दाणे खाल्ले. पाणी उतरलं होतं, खालच्या पायऱ्यांवर गाळाचा थर होता आणि माणसं फावड्यांनी तो लोटत होती. दादा म्हणाला, "तुझा फॉर्म पाहिलाय मी. भूगोलाच्या वहीत."

मी दाणे चघळायची थांबले.

"एक साल थांब. मी तिकडे खोली घेतो आणि तुला बोलावून घेतो. आईबाबांचंही बघू. कुणाला एकट्याला अडकायची जरूरत नाही." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "वही तरी दुसरी बघायचीस. भूगोलाची वही तू कधी उघडत नाहीस, हे सगळ्या घराला माहीत आहे."

तिथंच सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तू का गं ऐकलंस आईचं? आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं, तेच मला द्यायचं नव्हतं. परतताना मी म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम ते.

अष्टमीला सकाळी सातलाच बिजली आली. गल्लीत पोरांनी आरडाओरडा केला. मी धावत जाणार, तर आईनं कुमारिका जेवायला बोलावल्या होत्या. तिनं मला पुरणाला बसवलं. दोन दिवस बंद पडलेले सगळे टेम्पो तोवर आवारात येऊन उभे राहिले होते, पूजेच्या गर्दीचे दिवस हातचे जातात म्हणून ओरडत होते. दादानं निम्म्याचा नियम बाजूला ठेवला आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या बॅटऱ्या एकदम लावल्या. झरोके उघडे आहेत, या भरवशावर.

साडेनऊला आई मला घेऊन तेल घालायला गेली. खोलीत पाऊल टाकताच कानात दडे बसल्यासारखं वाटलं. चहूबाजूंनी बुडबुड्यांचा आवाज, जणू पन्नास भांडी एकदम रटरटताहेत. वारा अजिबात नाही. आणि वर कोनाड्यात ज्योत उसळत होती. मध्येच ताणून उंच व्हायची, मध्येच बारीक 'पट' असा आवाज करायची.

"बघितलंस?" आईचा चेहरा उजळला. "देवी बोलतेय. ऐकलं तिनं."

आई तेल घालून उतरली तशी मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. दादा फाटकापाशी टेम्पोवाल्यांशी हसत उभा होता. मी त्याच्याकडे न जाता शिडी शोधायला मागे वळले. गुपचूप ओढणी काढावी, म्हणजे कुणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब. शिडी टेम्पोवाल्यांनी कुठंतरी हलवली होती. मी ती शोधत असताना मागून दादाचा आवाज आला, "एकदा पाहतो, भरल्या असतील." त्याच्या चपला दाराकडे वाजत गेल्या. मी हाक मारली. 'दादा' एवढंच म्हणाले, पुढचं बाहेर पडलं नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. जाड सतरंजी एका झटक्यात फाडावी तसा एक, आणि लगेच मागोमाग ताशासारखे तडतड चार-पाच. दारातून पांढरी वाफ बाहेर आली आणि वाफेतून दादा. दोन्ही हात चेहऱ्यावर दाबलेले. तो ओरडत नव्हता. "पाणी" म्हणाला, अगदी साध्या आवाजात, जेवताना मागतात तसं.

पिंपात तळाशी वीतभर पाणी होतं. दोन दिवस पंप चालला नव्हता आणि पिंप भरायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते मिस्त्रीचं काम होतं. आम्ही ते वीतभर पाणी त्याच्या डोळ्यांवर ओतलं. मग टेम्पोवाल्यांनी त्याला उचललं.

इस्पितळात बाकावर बसल्यावर आईनं कितीतरी वेळानं मला एकच शब्द विचारला, "दिवा?"

"आहे," मी म्हटलं. दिवा कोनाड्यासकट काळा पडून विझला होता, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आईनं मान हलवली. दसरा उजाडला तेव्हा दादा इस्पितळातल्या खाटेवर होता, डोळ्यांवर जाड पट्ट्या, आणि त्याच्या तिकिटाची गाडी निघून गेली. आईनं घट हलवला. देवीनं तिचं अक्षरशः ऐकलं होतं. त्यानंतर आईनं जन्मात कुठल्या देवाला काही मागितलं नाही.

मिस्त्री निरोप मिळताच आला. खोलीत गेला, वर बघितलं, मग मागच्या बाजूला जाऊन भिंतीकडे बराच वेळ बघत उभा राहिला. झरोक्यात ओढणीचा जळका गोळा अजून अडकलेला होता, एका कडेला निळा रंग शाबूत. ती ओढणी घातलेलं मला त्यानं रोज पाहिलं होतं. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. भुवई नसलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग वर चढून पोतं आणि ओढणी दोन्ही काढली आणि गमछ्यात गुंडाळली.

बाबांना गमछ्याबाहेर आलेलं पोत्याचं टोक तेवढं दिसलं, आणि त्यांना कुणावर तरी ओरडायचंच होतं. "नवरात्रात गावी जायची काय गरज होती? जाताना झरोके कोंबून गेलास, कबुतरं येतात म्हणून? पिंप कोण भरणार होतं?" मिस्त्रीनं एकही शब्द उलट काढला नाही. मी दहा पावलांवर उभी होते आणि मूग गिळून गप्प राहिले. इस्पितळात दादाला भेटून तो गावी निघून गेला.

दादाचा उजवा डोळा गेला. डाव्याला उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळतो. पट्ट्या निघाल्या त्या आठवड्यात त्यानं मला हाक मारली. "भूगोलाची वही आण." मी नको नको म्हणत असताना फॉर्म त्यानं माझ्याकडून भरून घेतला आणि बाबांपुढे धरून म्हणाला, "सही करा. मी आहे इथं." बाबांनी सही केली. मी पुण्याला आले, शिकले, संसार केला. दादा राहिला.

बाबांच्या माघारी त्यानं मिस्त्रीला शोधून परत कामावर बोलावलं. आई चिडली, पण दादानं ऐकलं नाही. मलाही तेव्हा नवल वाटलं. मिस्त्रीची दया आली असेल, असं मी धरून चालले. म्हातारा शेवटपर्यंत त्या आवारात राहिला. मग ई-रिक्षा आल्या आणि बाबांची ती जागा खरोखरच सोन्याची ठरली, फक्त बघायला बाबा नव्हते.

आई गेली त्याच्या पुढच्या नवरात्रात मी बनारसला गेले. सकाळी दादाबरोबर आवारात गेले. तो एक लांब बांबू घेऊन भिंतीला हात लावत मागे गेला आणि बांबूचं टोक आधी एका झरोक्यात घालून फिरवलं, मग दुसऱ्यात. रोज करतो म्हणाला.

"दिसतंय का काही?" त्यानं विचारलं.

"नाही. मोकळे आहेत."

"निळं काही नाही ना?"

मी भिंतीला टेकले. तो बांबू जागेवर ठेवत होता, चेहरा माझ्याकडे नव्हता.

"मिस्त्री इस्पितळात घेऊन आला होता ओढणी. हातात दिली माझ्या. पट्ट्या होत्या, तर त्यानं सांगितलं कुणाची ते. मीच त्याला म्हटलं, बोलू नकोस. बाबांनी शिव्या दिल्यात, तरी बोलू नकोस. त्यानं ऐकलं माझं."

"दादा, मग मला का नाही बोललास? इतकी वर्षं?"

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तू गेली असतीस का?"

फाटकाशी कुणी रिक्षावाला 'भइया' म्हणून हाका मारत होता. दादा भिंतीला हात लावत त्याच्याकडे गेला आणि मी तिथंच झरोक्यांखाली उभी राहिले.